हातचा अर्धा तास

दिघेकाकांजवळ नेहमी अर्धा तास शिल्लक असायचा. बडोद्यात आमच्या मांजलपूरच्या सोसायटीत बाकी कुणाजवळ वेळ नव्हता. सकाळी जो तो स्कूटरला किक मारत, एका हाताने टिफिन सावरत, शेजाऱ्यावर ओरडत निघायचा. काकांना कुठे जायचं असलं की ते बूट घालून, किल्ली खिशात टाकून ओसरीतल्या हिंचक्यावर बसलेले दिसायचे. "काका, निघायचं नाही का?" म्हटलं की सांगायचे, "सात चाळीसला निघणार. आत्ता सात अठरा झालेत. बस, चहा घे."

ते बोलायचेच मिनिटांत. "येतोच", "आलोच", "जरा वेळाने" हे शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. 'साधारण' या शब्दाचा त्यांना विशेष राग. एकदा माझा नवरा त्यांना म्हणाला, "साधारण आठ-सव्वाआठला येतो, काका." काका म्हणाले, "आठ की सव्वाआठ? मधल्या पंधरा मिनिटांचं मी काय करू?" नवरा बिचारा सात पंचावन्नलाच जाऊन उभा राहिला.

काका रेल्वेत कंट्रोलर होते. प्रतापनगरच्या ऑफिसात कानाला फोन लावून बसायचं, स्टेशनमास्तर सांगतील तशा गाड्यांच्या वेळा टिपायच्या आणि चौकटीच्या लांबलचक कागदावर पेन्सिलीने त्यांच्या रेघा ओढायच्या. आडवी वेळ, उभी स्टेशनं. गाडी धावत असली की रेघ तिरपी, उभी राहिली की सपाट. कुठली गाडी कुठे थांबवून कुणाला पुढे काढायची हे त्या कागदावर ठरायचं. एका हातात फोन, दुसऱ्यात पेन्सिल, म्हणून घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. निवृत्त झाले तरी ती आतच राहिली. तीस वर्षं या माणसाने इतरांना प्रवास घडवला आणि स्वतः खुर्चीवरून हलला नाही.

मालतीकाकी या सगळ्याची मनसोक्त थट्टा करायच्या. "आमच्याकडे चहासुद्धा सिग्नल पडल्यावर उकळतो," असं म्हणून काकांकडे बघत हसायच्या. मोठ्या हौशी बाई. त्यांना गाड्यांचं कौतुक नव्हतं, डोंगरांचं होतं. लग्नानंतर काकांनी त्यांना माथेरान कबूल केलं होतं. डोंगरावर चढणारी छोटी गाडी दाखवतो म्हणाले होते. तीनदा रजा मंजूर झाली, तीनदा बॅग भरली आणि तीनदा रद्द झाली. एकदा मालगाडी घसरली, एकदा संप झाला आणि एकदा जागेवर येणाऱ्या सहकाऱ्याचे वडील गेले. तिसऱ्या वेळी काकींनी बॅग उपसली, वाटेत खायला केलेले बेसनाचे लाडू ताटात मांडले आणि घरोघर वाटले. "घ्या, माथेरानचा प्रसाद," म्हणाल्या. हे मला काकींनीच सांगितलं, हसत हसत. काका तेव्हा आत जाऊन भिंतीवरचं घड्याळ पुसत बसले होते.

निवृत्तीनंतर काकांनी सोसायटीतल्या ज्येष्ठांच्या सहली काढायला सुरुवात केली. आधी डाकोर, पावागढ. मग नाथद्वारा, मग काशी. मराठी आणि गुजराती दोन्ही घरं असायची. सहलीचा कार्यक्रम काका त्याच चौकटीच्या कागदावर आखायचे. बसची रेघ तिरपी, देवळात सपाट, जेवायला सपाट. तो पाहून बाकीच्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची, म्हणून साध्या भाषेत उतरवून काढायचं काम माझ्याकडे आलं. मी प्राथमिक शाळेत शिकवायचे, दुपारी मोकळी असायचे आणि माझं अक्षर बरं होतं.

उतरवताना माझ्या लक्षात आलं की प्रत्येक दिवसाच्या शेवटी एक फिकट, जेमतेम दिसणारी सपाट रेघ असते. तिच्यावर काहीच लिहिलेलं नसतं. मी विचारलं तेव्हा काकांनी दार लोटून घेतलं.

"हा हातचा," ते म्हणाले. "बेरजेत धरतो ना आपण, तसा. बस पाचला सुटणार असेल तर मी लोकांना साडेचार सांगतो. कुणाचं पोट बिघडतं, कुणाची चप्पल हरवते. त्याला हा अर्धा तास उपयोगी पडतो. कंट्रोलमध्ये याच्यावरच दिवस काढले. पण हा कुणाला सांगायचा नाही, सुनंदा. सांगितला की संपला."

मी मान डोलावली. एवढा मोठा माणूस आपल्याला गुपित सांगतो याचा मला आनंद झाला होता.

त्यांचं आणखी एक वाक्य होतं. आमच्या घरातलं घड्याळ सात मिनिटं पुढे असायचं. मी ते मागे करायला गेले तर काका म्हणाले, "राहू दे. घड्याळ चुकीचं असलं तरी चालतं. किती चुकीचं आहे ते माहीत पाहिजे, बस." हे वाक्य मला पुढे फार महागात पडणार होतं.

नाथद्वाऱ्याची गोष्ट. आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधल्या नयनाबेन आणि हर्षदभाई दर सहलीला असायचे. नयनाबेनचे गुडघे दुखायचे. काकांनी साडेअकरा सांगितलेले, अकरा पंचवीस झालेले आणि नयनाबेन देवळाच्या गल्लीतून घामाघूम होत, भिंतीला हात लावत, जवळजवळ पळत येत होत्या. प्रसादाचं भांडं हिंदकळत होतं. मला बघवलं नाही. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "सावकाश या, नयनाबेन. काका अर्धा तास हातचा ठेवतात. बस बाराला सुटणार आहे."

त्या थांबल्या, श्वास घेतला आणि माझ्या गालाला हात लावून म्हणाल्या, "तू तो दिकरी जेवी छे." लेकीसारखी आहेस. मला बरं वाटलं. आजही प्रामाणिकपणे सांगते, मला तेव्हा आपण काही चूक केली असं क्षणभरही वाटलं नाही.

पुढच्या सहलीपर्यंत ते सगळ्यांना माहीत झालं होतं. काका चार म्हणाले की मंडळी साडेचारला धरून चालायची. "काकानो टाइम" म्हणून त्याला नावही पडलं. काकांसमोर कुणी बोलत नसे, त्यांच्याबद्दल प्रेमच होतं सगळ्यांना. काकांना मात्र आपले प्रवासी हल्ली बरोबर वीस-पंचवीस मिनिटं उशिरा का येतात याचं कोडं पडायचं. "वयं झाली ग सगळ्यांची," एवढं म्हणून ते कागदात डोकं घालायचे. मी गप्प बसायचे, कधी मनात हसायचेही.

ती वर्षं अशी होती की परदेश म्हणजे लेकीच्या बाळंतपणाला अमेरिका, एवढंच ज्यांना माहीत होतं त्यांनीही पासपोर्ट काढले. वर्तमानपत्रात पानभर जाहिराती यायच्या. सिंगापूरहून सुटणारं मोठं जहाज, दर दिवशी एक नवं बंदर. हर्षदभाईंनी माहितीपत्रकांचा गठ्ठाच आणून काकांच्या हिंचक्यावर ठेवला. "काका, हवे आपणे पण!" आता आपणही. काका पानं उलटत होते. एका पानावर मलेशियातल्या एका बेटाचं चित्र होतं. हिरव्या डोंगरावर रुळांवरून चढणारी छोटी गाडी. काकी मागून वाकल्या आणि म्हणाल्या, "ही माथेरानची का हो?"

काकांनी पान उलटलं नाही.

त्या सुमारास काकींचं विसरणं सुरू झालं होतं. आधी आमटीत दोनदा मीठ. मग दूध आणायला गेल्या त्या दोन तासांनी लालबागेकडून एका रिक्षावाल्याने आणून सोडल्या. मग एकदा माझ्याशी अर्धा तास छान गप्पा मारून म्हणाल्या, "तुझं नाव काय म्हणालीस?" डॉक्टरांनी काकांना स्पष्टच सांगितलं की हे वाढत जाणार, थांबणार नाही, त्यांना जे काही दाखवायचं असेल ते लवकर दाखवा. काका घरी आले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी जहाजाचं पक्कं केलं. बावीस माणसं जमली.

मला ते म्हणाले, "सुनंदा, तू चल. तिला बायकांच्या बाथरूममध्ये एकटी सोडता येत नाही आता आणि मी आत जाऊ शकत नाही." असं बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी शाळेतून रजा काढली.

जहाजावर काका एखाद्या नव्या विभागात बदली झालेल्या माणसासारखे हिंडत होते. शिडी किती वाजता लावतात, किती वाजता काढतात, हे सगळं त्यांनी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं. ज्या बंदरात डोंगरावरची गाडी होती तिथे जहाज सकाळी आठला लागणार होतं आणि दुपारी साडेचारला सुटणार होतं. पण शिडी चारला बंद. म्हणजे काकांच्या हिशेबाने लोकांना साडेतीन. गाडीची तिकिटं त्यांनी बडोद्याहूनच काढून घेतली होती, ठरावीक वेळेची. अकराला वर, साडेबाराला खाली. मग जेवण, बुद्धाचं देऊळ, बाजार आणि जहाज. कागदावर सगळं सुरेख बसलं होतं.

आठ वाजले तरी जहाज समुद्रातच उभं. बंदरात जागा नव्हती म्हणे. स्टेशनाबाहेर सिग्नलला अडकलेल्या गाडीबद्दल बोलावं तसे काका कठड्याशी उभे राहून म्हणाले, "आउटरला उभी केलीये." नऊ झाले, दहा झाले. शिडी लागली तेव्हा सव्वाअकरा झाले होते. न्याहारीच्या मोठ्या दालनात काकांनी टेबलावर कागद पसरला, जहाजावरच्या माणसाकडून फोन करवून गाडीची तिकिटं बदलून घेतली. एक तीसला वर, दोन पन्नासला खाली. देऊळ खोडलं. बाजार खोडला. तरी बसेना. मग त्यांनी खोडरबर घेतला आणि दिवसाच्या शेवटची ती फिकट रेघ पुसली.

"काका, हातचा?" मी विचारलं.

"आज खाल्ला," ते म्हणाले. "डोंगर गाळला तर राहतो. नाहीतर नाही."

"मग गाळायचा?"

त्यांनी काकींकडे पाहिलं. काकी साखरेच्या छोट्या पुड्या एकेक करून पर्समध्ये भरत होत्या, अगदी मन लावून. काका म्हणाले, "चार म्हणजे चार. मी सांगीन सगळ्यांना. खरी वेळ सांगायची तर त्यात अवघड काय आहे?"

आज हातचा नाही हे जगात दोघांनाच माहीत होतं, मला आणि काकांना. लोकांना हातच्याचं माहीत आहे हे काकांना सोडून सगळ्यांना माहीत होतं. दोन्ही गोष्टी एकत्र फक्त माझ्याजवळ होत्या. मी तिथेच, त्या टेबलाशी काकांना सांगायला हवं होतं. "काका, मी नाथद्वाऱ्याला बोलले," एवढंच वाक्य. मी ते तोंडात तयारही केलं. तेवढ्यात काकी उठल्या, त्यांना बाथरूमला जायचं होतं आणि मी सुटल्यासारखी त्यांच्याबरोबर गेले.

बसमध्ये काका उभे राहिले. "नीट ऐका. चार वाजता सगळे शिडीवर. चार म्हणजे चार. आज एक मिनिट इकडेतिकडे नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "जहाज तो साडा चारे छूटे छे." दुसरं कुणीतरी, "काका तो दर वखते एवुं ज कहे छे!" दर वेळी असंच म्हणतात काका. सगळी बस हसली. काकाही हसले. त्यांना वाटलं, लोक खुशीत आहेत. पुढच्या सीटवरून नयनाबेन मागे वळल्या आणि त्यांनी मला डोळा मारला. आमचं दोघींचं गुपित. मीही हसले. ते हसू मला अजून तोंडावर जाणवतं आणि लाज वाटते.

डोंगराच्या गाडीत काकींना खिडकी मिळाली. एक गाडी वर जाताना दुसरी खाली येते, दोन्ही एकाच दोराला बांधलेल्या. काकी घाबरून म्हणाल्या, "अहो, ती समोरून येतेय. आपटणार नाही ना आपल्यावर?"

"नाही. मध्यावर क्रॉसिंग आहे," काका म्हणाले. मी त्यांना इतकं आनंदी कधी पाहिलं नव्हतं. "दोन्ही एकाच वेळी पोचतात. फरकच पडू शकत नाही, बघ तू." आणि बरोबर मध्यावर रूळ दुभंगले, ती गाडी खिडकीला लागून निघून गेली आणि काकींनी लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या. वर पोचल्यावर थंड वारा होता. झाडं, धुकं, खाली पसरलेलं बेट आणि पलीकडे समुद्र. काकींनी पदर घट्ट ओढून घेतला, बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "माथेरान छान आहे हो."

काका कुणाचीही चूक सोडत नसत. स्टेशनाचं नाव चुकलं तरी बोलणाऱ्याला थांबवायचे. तेव्हा म्हणाले, "हो. छान आहे."

तीन बेचाळीसला बस जेट्टीच्या फाटकाशी आली. फाटकापासून शिडीपर्यंत चालायला आणि तपासणीला दहा-बारा मिनिटं लागणार होती. काका पुढे, त्यांच्या एका हातात काकींचा हात. काकींचा दुसरा हात माझ्या हातात. मी सहज मागे पाहिलं तर नयनाबेन आणि हर्षदभाई रस्ता ओलांडत होते. समोर बाजार होता, रंगीत छत्र्या टांगलेल्या. सकाळी देऊळ-बाजार बुडाल्याने नयनाबेन हिरमुसल्या होत्या, सुनेला काहीतरी न्यायचं होतं त्यांना. "उतावळ शेनी?" असं हर्षदभाई म्हणालेले मला ऐकू आलं. घाई कसली!

मी हाक मारू शकत होते. "नयनाबेन, आज नाही!" तीन शब्द. पण काका चार पावलांवर होते. ते वळून म्हणाले असते, "आज नाही म्हणजे?" मग सगळं सांगावं लागलं असतं, रस्त्यात, सगळ्यांसमोर. मी मनाशी म्हटलं, येतील पाच मिनिटांत. आणि चालत राहिले.

शिडीपाशी काकांनी माणसं मोजली. पुन्हा मोजली. तीन सत्तावन्न.

"हर्षदभाई?"

"रस्त्यापलीकडे गेलेत. बाजारात," मी म्हटलं.

"तू बघितलंस?"

"हो."

काकी आणि मी सोडून बाकीच्यांना त्यांनी वर पाठवलं, तिथल्या अधिकाऱ्याशी बोलले. त्याने घड्याळ दाखवलं, मग बोटांनी पंधरा मिनिटं दाखवली. चौसष्ट वर्षांचे काका फाटकापर्यंत पळत गेले आणि एकटेच पळत परत आले. चार अकरा. जहाजाच्या ऑफिसातून कुणीतरी त्या दोघांचे पासपोर्ट आणून काकांपुढे धरले. बंदरातल्या माणसाकडे देतो, तो त्यांचं बघेल, असं काहीतरी तो सांगत होता. हर्षदभाईंना इंग्रजी येत नव्हती, नयनाबेनना हिंदीही धड येत नव्हती. मोबाइल नुकते आले होते, पण ते बडोद्याबाहेर बंद पडायचे, परदेशाची तर गोष्टच नको.

काकांनी पासपोर्ट घेतले. स्वतःचाही मागून घेतला. तोवर काकींनी त्यांची बाही धरली होती.

"कुठे चाललात?"

त्यांनी काकींची बोटं एकेक करून सोडवली आणि हात माझ्या हातात दिला. "सुनंदाबरोबर वर जा. अर्धा तास. आलोच मी."

आलोच. आयुष्यात पहिल्यांदा ते असं बोलले. ते काकींकडे बघतही नव्हते, बघितलं असतं तर त्यांना जाता आलं नसतं.

आम्ही कठड्याशी उभ्या राहिलो. दोर सुटले, जेट्टी आणि जहाज यांच्यात पाण्याची पट्टी दिसायला लागली, ती रुंद झाली. तेवढ्यात फाटकातून सायकलरिक्षा आली. तिच्यातून हर्षदभाई उतरले, हातात दोन पिशव्या आणि नयनाबेनच्या काखेत रंगीत छत्री. दोघं जागच्या जागी उभी राहिली. काका त्यांच्याकडे चालत गेले. काकी हात हलवत होत्या. काकांनी एकदा वर पाहिलं, मग मनगट वळवून घड्याळ पाहिलं. जहाज वेळेवर सुटलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सिंगापूर आलं. मधला वेळ काकी जहाजाच्या जिन्यासमोरच्या खुर्चीत बसून राहिल्या, पर्स मांडीवर, शेजारच्या खुर्चीवर काकांचा स्वेटर. "हे कधी येणार?" "अर्ध्या तासात." दर थोड्या वेळाने तेच. मी दुसरं काय सांगणार? जेवायला चला म्हटलं तर म्हणायच्या, "आले की बसू." खोलीत पाठ टेकायला नेलं तरी दाराकडे तोंड करून बसायच्या. एकदाच त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि विचारलं, "अर्धा तास केवढा असतो ग?" मी मुलांना घड्याळ शिकवणारी बाई. मी काकांच्या स्वेटरची घडी मोडून पुन्हा घातली.

काका त्या दोघांना घेऊन विमानाने सिंगापूरला पोचले होते, बंदराच्या मोठ्या दालनात उभे होते. दाढी वाढलेली, शर्ट कालचाच. हर्षदभाई त्यांच्या मागे रडत होते. पुढे येऊन सगळ्यांना सांगत होते, "अमने एम के हजी अडधो कलाक छे." आम्हाला वाटलं, अजून अर्धा तास आहे. काका ते ऐकत नव्हते. काकींना मी तिथल्या एका खुर्चीवर बसवलं होतं, ते सरळ त्यांच्यापाशी आले.

काकींनी त्यांच्याकडे पाहिलं. शेजारच्या खुर्चीवर ठेवलेली पर्स उचलून मांडीवर घेतली, जागा करून दिली आणि परक्या माणसाशी बोलावं तसं अदबीने म्हणाल्या, "बसा ना. आमचे हे येतीलच, अर्ध्या तासात."

काका बसले.

बडोद्याला आल्यावर डॉक्टर म्हणाले, हे कधीतरी होणारच होतं. तसं असेलही. अधूनमधून काकींना ओळख पटायची, एखादी सकाळ, एखादा तास. पण ती परत जायची. सोसायटीत चर्चा झाली. कुणी म्हणालं, काकांनी त्या दोघांना सोडून यायला हवं होतं, शिकवण मिळाली असती. कुणी म्हणालं, बायकोला असं सोडतात का? कोण बरोबर ते मला आजही सांगता येत नाही. त्या दिवशी काका थांबले नसते तर ते दिघेकाका राहिले नसते, एवढं मात्र कळतं. सहली बंद झाल्या. चौकटीच्या कागदांचे कोरे गठ्ठे त्यांनी माझ्या शाळेतल्या मुलांना पाठवून दिले.

दोन महिने मी टाळत राहिले. मग एका दुपारी काकी झोपलेल्या असताना गेले आणि सगळं सांगितलं. नाथद्वाऱ्याची गल्ली, बसमधलं हसू, फाटकापाशी मारली नाही ती हाक. मला वाटलं, रागावतील. रागवावं असंच मला हवं होतं. हिंचका थांबवून काका ऐकत राहिले.

"नाथद्वारा," शेवटी ते म्हणाले. "म्हणजे तीन वर्षं झाली."

"हो."

"तीन वर्षं माझं घड्याळ चुकीचं होतं," काका म्हणाले, "आणि मला माहीत नव्हतं."

मी रडायला लागले. त्यांनी उठून पाणी आणून दिलं. "तू नयनाबेनच्या गुडघ्यासाठी सांगितलंस ना? मग ते ठीक आहे. खोटी वेळ मी सांगत होतो. एकदा खरी सांगितली आणि कुणी मानली नाही, त्यात तुझं काय?" रिकामा पेला परत घेत म्हणाले, "फक्त फाटकाशी हाक मारायला हवी होतीस." एवढंच. पुन्हा हा विषय त्यांनी कधी काढला नाही. माझ्याकडे चहा घेत राहिले, माझ्या मुलाला गणितं शिकवत राहिले. पण त्यांनी मला कुठली वेळ पुन्हा सांगितली नाही. दवाखान्यात कधी जाणार विचारलं तर म्हणायचे, "जाऊ साधारण दुपारी." साधारण! तो शब्द त्यांच्या तोंडून ऐकताना मला बोलणी खाल्ल्यापेक्षा जास्त लागायचं.

वर्षा-दीड वर्षाने आम्ही वासण्याला घर घेतलं. सामान टेम्पोत चढलं, नवरा पुढे गेला आणि मी किल्ली द्यायला खाली उतरले. फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली बाकड्यावर दोघं बसली होती. काकींनी चांगली साडी नेसली होती, मांडीवर पर्स. काका इस्त्रीचा शर्ट घालून शेजारी, मध्ये थोडं अंतर ठेवून. मी पुढे होणार तेवढ्यात काकी बोलल्या म्हणून थांबले.

"तुम्हीपण कुणाची वाट बघताय का?" त्या काकांना विचारत होत्या.

"हो," काका म्हणाले. "तुमच्याच यांची."

"फार वेळेचे पक्के आहेत ते," काकी म्हणाल्या. "डोंगरावर न्यायचंय मला. किती वाजता येतो म्हणाले?"

काकांनी मनगट वळवलं. तबकडी आतल्या बाजूलाच होती. ती त्यांनी नीट, नेहमीसारखी निरखून पाहिली.

"पाच पन्नासला," ते म्हणाले.

मी माझ्या घड्याळात पाहिलं. पाच वीस झाले होते.